आधी तिची वही मांडा: विदर्भातल्या खेड्यातली गुन्हेगार नायिका कशी लिहावी

गुन्हेगारी धंद्याची मालकीण नायिका म्हणून घ्यायची ठरली की बहुतेक जण तिच्या डोळ्यांपासून सुरुवात करतात. करारी नजर, कपाळावर मोठं कुंकू, मागे दोन पहिलवान. मग मुंबईचा साचा येतो: भाई, सुपारी, पेटी, खोका. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव किंवा कळंब तालुक्यातल्या दोन हजार वस्तीच्या गावात हे टिकत नाही. तिथे ती कोणाची सून, कोणाची जाऊ, तिच्या घरी चूल कधी पेटली, हे सगळ्यांना माहीत असतं. तिचा गुन्हाही माहीत असतो. तरी सकाळी सातला तिच्या ओट्यावर चार माणसं येऊन बसलेली असतात. ती का येतात, हे ज्याला सांगता येईल त्याची कादंबरी उभी राहील. ते कारण तिच्या स्वभावात सापडत नाही, तिच्या हिशेबाच्या वहीत सापडतं. म्हणून पहिलं प्रकरण लिहायच्या आधी ती वही खरोखर मांडायची.

धंदा कोणता, कोणत्या वर्षी

एक मुख्य धंदा आणि त्याला जोडून एक, एवढं पुरे. पाच-सहा धंदे एकदम दिले की कुठलाच नीट दिसत नाही आणि बाई सिनेमातली होते.

दारूचा धंदा घेतलात तर जिल्ह्याची हद्द हाच कथेचा कणा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. वर्धा नदीच्या यवतमाळकडच्या काठावर परवान्याचं दुकान उघडं, पलीकडे बंदी. नदी ओलांडली की त्याच बाटलीचा भाव वेगळा. चंद्रपूर घेतलंत तर साल अगदी नेमकं धरा. २०२१ मध्ये एका सरकारी निर्णयानं तिचा धंदा बसतो, पोलिसांच्या हाती न लागता. कथेला असा मोड कल्पनेनं सहज सुचत नाही.

रेतीचा धंदा घेतलात तर मोजमाप पक्कं हवं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण तेवढीच बसते. पावसाळ्यात १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून उपसा बंद असतो, म्हणून मे महिन्यात साठे उभे राहतात आणि मारामाऱ्याही मेमध्येच होतात. ऐन श्रावणात पुराच्या पात्रातून ट्रॅक्टर भरताना दाखवलात, तर नदीकाठचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

नैतिक गुंता सर्वांत जास्त आहे तो बियाण्यात. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याला, म्हणजे एचटीबीटीला, परवानगी नाही. गावात त्याला चोर बीटी म्हणतात आणि जूनमध्ये त्याची पाकिटं हातोहात जातात. निंदणाची मजुरी वाचते, म्हणून कास्तकार स्वतः मागून नेतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरलं होतं. कायद्यानं गुन्हा, पण घेणाऱ्याच्या मनात गुन्हा नाही. शिवाय पाकिटात खरंच काय आहे याची खात्री कोणी देत नाही, पावती नसते, उगवलं नाही तर तक्रार करायला जागा नसते. तुमची बाई ही पाकिटं विकते तेव्हा ती गावाची सोय करते की गावाला फसवते? उत्तर दर वर्षीच्या उगवणीवर ठरतं, आणि हे तिलाही आधी ठाऊक नसतं.

जुना काळ हवा असेल तर कापूस एकाधिकार खरेदी योजना घ्या. १९७२ पासून राज्यात कापूस सरकारलाच विकायचा, आणि शेजारच्या राज्यात भाव चांगला असला की गाड्या रात्री सीमेकडे निघायच्या. पांढरकवड्याहून आदिलाबाद दूर नाही. स्वतःचाच माल स्वतः नेणारा चोर ठरतो, अशी ही तस्करी.

पण पहिल्यांदाच लिहीत असाल तर सावकारी घ्या आणि जोडीला बियाणं. जूनमध्ये पैसे आणि पाकीट एकाच हातून जातात, त्यामुळे दोन्ही धंदे एका प्रसंगात दाखवता येतात.

वही कशी मांडायची

कोरी वही घ्या आणि साठ घरं लिहा. घरप्रमुखाचं नाव, एकर किती, कोरडवाहू की ओलिताचं, घरात शिकणारं कोण, लग्नाचं कोण, आजारी कोण, आणि किती दिले. साठही नावं कादंबरीत येणार नाहीत, बारा-पंधरा येतील. बाकीची लिहिली नाहीत तर मात्र तिच्या डोक्यावर किती ओझं आहे ते तुम्हालाच कळणार नाही.

आता आकडे. प्रत्येक घराला सरासरी दहा हजार, म्हणजे सहा लाख रुपये जूनमध्ये बाहेर. व्याज शेकडा पाच, दरमहा. जानेवारीत कापूस विकून वसुली, म्हणजे सात महिने, ३५ टक्के. दहा हजाराचे साडेतेरा झाले. सगळे फेडले तर तिच्या हातात ८ लाख १० हजार येतात. वर्षाचा हिशेब केला तर हे ६० टक्के व्याज. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपर्यंतच घेता येतं. हा फरक एखाद्या पात्राच्या तोंडी एकदा तरी येऊ द्या, शक्यतो पदवीला शिकणाऱ्या मुलीच्या.

पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: किती घरं बुडाली तर ती बुडते? पैसा तिचा स्वतःचा असेल तर पंधरा घरांनी काहीच दिलं नाही तरी ४५ घरांचे ६ लाख साडेसात हजार येतात, भांडवल वाचतं. सोळावं घर बुडालं की ५ लाख ९४ हजार, घसरण सुरू. पण तिनेच तो पैसा शहरातल्या व्यापाऱ्याकडून शेकडा दोननं उचलला असेल तर तिला ६ लाख ८४ हजार परत करायचे आहेत. मग ५१ घरांनी फेडलंच पाहिजे. नऊ घरांना ती माफ करू शकते, दहाव्याला नाही.

तिची दया इथे मोजली जाते. नवव्या घरच्या बाईला ती म्हणते, "जाऊ दे वं, पुढच्या साली पाहू," आणि साडी देऊन पाठवते. दहाव्या घराकडे वसुलीला भाचा पाठवते. बाई तीच, महिना तोच, दोन्ही घरांची अडचण सारखीच. वाचकाला नऊ आणि दहामधला हिशेब माहीत असेल तर त्याला तिचा रागही येतो आणि तिची अडचणही कळते. माहीत नसेल तर ती फक्त लहरी वाटते. या प्रकारच्या लेखनात सर्वांत जास्त बिघडतं ते याच ठिकाणी: लेखक तिला एका प्रकरणात मायाळू दाखवतो, दुसऱ्यात क्रूर, आणि दोन्हींच्या मध्ये काही ठेवत नाही. म्हणून आकडा पहिल्या पन्नास पानांत वाचकाच्या कानावर घाला आणि नंतर घरं एकेक करून पाडा.

दहावं घर कोणाचं, हे वही मांडतानाच ठरवा. ते तिच्या नात्यातलं किंवा तिच्यावर उपकार केलेल्या माणसाचं असावं.

कागद, खातं आणि ठाणं

खेड्यातली सावकारी व्याजाच्या चिठ्ठीवर चालत नाही. तारण म्हणून वावराचं खरेदीखतच करून घेतात. "पैसे आणून दे, वावर परत लावून देतो" हा तोंडी शब्द. मग फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नाव बदलतं. जोडीला कोरे धनादेश, सही केलेले कोरे स्टँप. म्हणून तिच्या टोळीत बंदूकवाल्याची गरज नाही, अर्जनवीस हवा. पाच माणसं पुरतात: लिहिणारा अर्जनवीस, वसुलीला जाणारा भाचा, गाडी चालवणारा, पानटपरीवरचा खबऱ्या आणि हिशेब तपासणारी एक शिकलेली पोरगी. ही पोरगी नीट रंगवा, कारण तिला सगळं माहीत आहे आणि ती अजून ठरवते आहे.

धाड कोण घालतं ते चुकवू नका. अवैध सावकारीची तक्रार सहकार खात्याकडे जाते, तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. पथक त्यांचं, सोबत पोलीस. व्यवहार सावकारीतला होता असं सिद्ध झालं तर पंधरा वर्षांच्या आतली जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. रेतीला तहसीलदार आणि तलाठी येतात, बियाण्याला कृषी खात्याचा गुणनियंत्रण निरीक्षक, दारूला पोलीस आणि उत्पादन शुल्क. सगळीकडे ठाणेदारच दाखवला की कथा चपटी होते. इतकी खाती असल्यामुळेच तिला एकाला दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं.

अटकेच्या प्रसंगात एक नियम लक्षात असू द्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. ही तरतूद तिला पाठ असणारच. संध्याकाळी साडेसहाला ठाणेदार दारात उभा आहे आणि ती पाण्याचा तांब्या पुढे करून वेळ काढते आहे, एवढ्यावर एक पूर्ण प्रकरण निघतं.

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, सहज लावू नका. त्यासाठी गेल्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. गावपातळीवर आधी तडीपारी येते, दोन वर्षांपर्यंत. दारू किंवा रेती असेल तर एमपीडीए कायदा, म्हणजे खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्धता. कथेसाठी तडीपारी सर्वांत उपयोगी. बाई जिल्ह्याबाहेर, वही गावात, आणि किल्ली कोणाकडे? १ जुलै २०२४ नंतरची कथा असेल तर भारतीय दंड संहितेची कलमं पात्रांच्या तोंडी नकोत, भारतीय न्याय संहितेची हवीत.

तिचा भूतकाळ

नवऱ्याची आत्महत्या किंवा तिच्यावरचा अत्याचार, यातलं एक घेऊन त्यावर सगळा डोलारा उभा करण्याची सवय फार पसरली आहे. यवतमाळ, अमरावतीतल्या हजारो बायकांनी ते दुःख भोगलं आणि कोणाचं वावर लिहून घेतलं नाही. त्यांचा अपमान न करता लिहायचं तर भूतकाळानं तिला सबब देऊ नये, कसब द्यावं.

शेतकरी आत्महत्येच्या मदतीचं उदाहरण घ्या. मदत एक लाखाची: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरायला कर्ज बँकेचं, संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. गावातल्या विनापरवाना सावकाराचं कर्ज धरत नाहीत, म्हणून फाइलीवर "अपात्र" पडतं. अशा फाइलीमागे दोन वर्षं तहसीलच्या पायऱ्या चढलेली बाई काय शिकते? कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो, भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावांनी, वारस फेरफारात काय लपवलं, कोणता बाबू किती वाजता चहाला जातो. पुढे लोक तिच्याकडे पैशाआधी कागदासाठी येऊ लागतात. ती फुकट अर्ज लिहून देते, आणि ते काम ती खरंच मनापासून करते. इथून सावकारीपर्यंतची चढण हळू असू द्या, किमान तीन पायऱ्यांची. प्रत्येक पायरीवर मागे फिरायची वाट उघडी ठेवा आणि ती तिने स्वतःच सोडलेली दाखवा.

आडनाव आणि जात

खेड्यातल्या कादंबरीत आडनाव म्हणजे जात, हे वाचक पहिल्याच ओळीत वाचतो. ते टाळता येत नाही, म्हणून जाणीवपूर्वक ठरवा. पारधी किंवा मोहाची दारू गाळणाऱ्या घरातली मुलगी म्हणून तिला "जन्मजात" गुन्हेगार करणं हा आळस आहे, आणि घातकही. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्यातून १९५२ ला गेला, ठाण्याच्या वागण्यातून अजून पुरता गेलेला नाही. अशी नायिका घ्यायचीच असेल तर चोरी झाली की पहिली जीप कोणाच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते, हेही त्याच पानावर आलं पाहिजे.

बोली

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत; हा मार्ग नवख्याला सोपा पडतो. अमरावती-अकोला-यवतमाळची वऱ्हाडी आणि भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली यांची सरमिसळ करू नका. मले, तुले, काहून, हाये, माहं, करून रायला, एवढं सांभाळलं तरी कान तृप्त होतो. प्रत्येक शब्द वाकवायची गरज नाही.

तिला हाक कोण काय मारतं, याची एक यादी करा. सासरी अमक्याची बायको, मग वैनी, मग काकू, मग नुसतं बाई. ठाणेदार तिला "बाई, तुम्ही" म्हणतो ते साल कोणतं, हे तुम्हाला माहीत हवं. ज्या म्हातारीनं तिला नवी नवरी असताना पाहिलं ती शेवटपर्यंत "काय वं पोरी" म्हणेल, आणि त्या एका हाकेपुढे बाईचा आवाज बदलेल.

धमकी कशी लिहायची? "माझ्या परवानगीशिवाय इथे पान हलत नाही" असं खेड्यात कोणी बोलत नाही. ती चौकशी करते:

"बस गा भाऊ, च्या घे. पोरीचं जमलं मनते?"
"हो बाई. वैशाखात धरलं."
"बरं झालं. मानसं चांगले हायेत ते. त्या गावात बी माहे दोन घरं हायेत."

एवढंच. नवऱ्यामुलाच्या गावातही तिचे देणेकरी आहेत, म्हणजे तिथेही तिचा शब्द पोचतो. माणूस चहा पिऊन उठतो आणि तिसऱ्या दिवशी पैसे आणून देतो.

ज्याला दुखवलं, तो

तिच्यामुळे ज्याचं नुकसान होणार आहे त्याला आधी तीन-चार पानं स्वतंत्र द्या. त्याच्या घरातलं जेवण, त्याची थट्टा, त्याच्या बैलांची नावं येऊ द्या. नुकसान नंतर. उलटं केलं तर तो तिच्या गोष्टीतला नुसता पुरावा होतो. आणि प्रतिस्पर्धी तिच्याहून दसपट नीच दाखवून तिला धुऊन काढू नका. बलात्कारी पाटील आणि न्यायी गुंडीण ही जोडी पडद्यावर चालते, कागदावर चौथ्या प्रकरणात कंटाळवाणी होते. तिचा विरोधक तिच्याइतकाच समजूतदार असावा, जमल्यास प्रामाणिक. बचत गटाची अध्यक्ष ही उत्तम विरोधक आहे: तिचं व्याज कमी, पण कर्ज मिळायला बैठक, ठराव, वेळ लागतो. रात्री दोनला पोर तापानं फणफणलं तर लोक गटाकडे जात नाहीत, बाईकडे जातात.

हिंसा एकदाच, तिच्या तोंडच्या आदेशानं, आणि परिणाम पुढच्या सगळ्या प्रकरणांत.

वर्षाच्या चौकटीत कथानक

एक खरीप हंगाम पुरेसा आहे. जूनमध्ये मृगाच्या भरवशावर पेरणी आणि वाटप. जुलैत तीन आठवडे पावसाची उघडीप, बियाणं करपलं, दुबार पेरणी. म्हणजे वहीत दुसरा आकडा. श्रावण अमावस्येला पोळा. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी कवनं, म्हणायची मुभा असते, आणि जे ओट्यावर बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं:

वावर गेलं कागदात, कागद गेला पेटीत,
पेटीची किल्ली कुठं? तं बाईच्या ओटीत!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

सगळं गाव हसतं. ती हसते का, हे तुम्ही ठरवा, पण झडती म्हणणाऱ्याचं घर वहीत कितवं आहे ते आधी पाहून. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी, भाव कळतो. गुलाबी बोंडअळी आणायची असेल तर २०१७ चा हंगाम धरा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन्ही एका कथेत आणताना फार सांभाळून, त्या घरांना अजून ते ताजं आहे. जानेवारीत वसुली.

मध्यावर एक मोठा पेच लागतो. दारू जोडधंदा असेल तर "आडवी बाटली" वापरा. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवान्याचं दुकान बंद. आता पाहा: परवान्याचं दुकान बंद झालं तर फायदा कोणाचा? चोरून विकणाऱ्याचा. म्हणून तीच या मोहिमेला पैसा पुरवते, गाड्या देते, बायकांना मतदानाला नेते. बायका जिंकतात, रडतात, तिच्या गळ्यात पडतात. त्यांचा आनंद खरा आहे. काही घरांत मारझोड खरंच थांबते. आणि रात्री नदीवरून तिचा माल येतो. या प्रसंगात तिचं मन उलगडून सांगणारा एकही परिच्छेद लिहू नका, फक्त दोन्ही गोष्टी एकामागोमाग ठेवा.

शेवट

गोळी आणि तुरुंग हे दोन्ही शेवट सोपे पडतात, कारण त्यांत हिशेब अर्धवट राहतो. तिसरा मार्ग कागदाचा आहे. सहायक निबंधकांकडे अर्ज देणारं माणूस कोण, हे ठरवा. दहाव्या घरचं असेल तर उत्तम. धाडीत काय सापडतं याची यादी करा: किती खरेदीखतं, किती कोरे धनादेश. मग हिशेब ठेवणाऱ्या त्या पोरीकडे या. खरी वही तिने पथकाला दिली की दुसऱ्याच दिवशी स्वतः वसुलीला निघाली, यावर शेवटचं प्रकरण लिहा. त्याआधी साठ घरांची मूळ यादी पुन्हा काढून, हंगामाअखेर कोणाकडे किती येणं राहिलं ते प्रत्येक नावापुढे भरा. आकडे जुळले नाहीत तर मधल्या कुठल्या तरी प्रकरणात तिने कारणाशिवाय कोणाला सोडलं आहे. ते प्रकरण शोधून दुरुस्त करा.